रात्रपाळीचे काका

तान्ह्या मुलांची झोप ज्याला खऱ्या अर्थाने समजली, असा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि त्या मनुष्याला स्वतःला मात्र रात्रीची झोप कधीही लागत नसे. वाशीच्या आमच्या इमारतीत ते आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांना आडनाव होते, दारावर त्याची पितळी पाटीही होती. परंतु सगळी इमारत त्यांना ‘रात्रपाळीचे काका’ म्हणत असे आणि पोस्टमनलाही तेवढे पुरत असे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात ते टाइमकीपर होते. दर आठवड्याला पाळी बदलली की माणसाचे आधी पोट बिघडते, मग डोके बिघडते आणि शेवटी संसार बिघडतो, असे त्यांचे ठाम मत होते; म्हणून तरुणपणीच त्यांनी साहेबांकडून कायमची रात्रपाळी मागून घेतली. निवृत्तीनंतर कारखान्याने त्यांना सोडले, पण रात्रीने सोडले नाही. इमारतीतले दिवे मालवले गेले की काका ताजेतवाने होत. आम्ही अंथरुणाला पाठ टेकली की वरून त्यांच्या रबरी सपातांचा आवाज सुरू होई. दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत. माझे यजमान म्हणत, “चला, वरचा कारखाना सुरू झाला.”

ऐंशी सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. वाशी तेव्हा पुरते गावही नव्हते आणि शहरही नव्हते. भराव घातलेल्या सपाट जमिनीवर इमारती उभ्या होत्या आणि उभ्या राहायच्या इमारतींसाठी खणलेल्या पायाच्या खड्ड्यांत पाणी साचून बेडूक नांदत होते. वारा फिरला की कारखान्यांचा आंबूस वास घरात येई आणि पुन्हा फिरला की खाडीचा. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी : त्या नव्या वस्तीत घरे होती, बसेस होत्या, बाजार येऊ घातला होता, नव्हते ते फक्त आजी-आजोबा. ते सगळे सातारा, संगमेश्वर, नांदेड अशा ठिकाणी मागे राहिले होते. इमारतीत सगळी नवीन लग्न झालेली जोडपी, आणि पाठोपाठ त्यांची तान्ही मुले. मूल रात्री रडू लागले की काय करावे हे सांगणारे घरात कोणी नसे. अशा वस्तीत रात्रभर जागा असलेला एक वडीलधारा मनुष्य असणे ही केवढी सोय होती, हे ज्याच्या घरी मूल आहे त्यालाच कळेल.

माझी मनू झाली आणि मी माहेराहून तिला घेऊन परत आले, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दार उघडले तर समोर काका. इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून चापून बसवलेले, हातात बॅटरी. मी शाळेत शिकवीत असल्यामुळे ते मला ‘बाई’ म्हणत.

“बाई, रिलीव्हर आलाय. चार्ज द्या.”

मला काही उमगेना. तेव्हा त्यांनीच समजावले. कारखान्यात पहिला माणूस दुसऱ्याला यंत्राची हालहवाल सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही. तेव्हा मी त्यांना क्रमाने सांगावयाचे : शेवटचे दूध कधी झाले, लंगोट कधी बदलला, आवाज कोणत्या पट्टीत आहे. एवढे सांगून झाले की मी स्वयंपाकाला लागावे. मला प्रथम हसू आले. परंतु वर्गाचा ताबा एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे कसा जावा, याविषयी माझे स्वतःचेच विचार इतके कडक होते की आठवडाभरात मीच त्यांची वाट पाहू लागले, आणि ते आले की उभी राहून अहवाल देऊ लागले.

त्यांचा सिद्धान्त असा होता. पोटात असताना मूल रात्रपाळीत असते. आई दिवसभर हिंडते-फिरते, त्या हेलकाव्यांनी ते झोपते. रात्री आई आडवी झाली की हेलकावे थांबतात आणि ते जागे होऊन लाथा झाडू लागते. “तुम्हीच सांगा, बाई, नऊ महिने तुम्ही त्याला नाइट दिली, आणि बाहेर आल्या-आल्या म्हणता दिवसपाळीला ये. युनियन असती तर संप केला असता पोरीनं!” म्हणून त्याच्यावर चिडू नये, त्याला हळूहळू दिवसपाळीत आणावे. दिवसा खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, भांडी वाजू द्यावीत, पाहुण्यांना मोठ्याने बोलू द्यावे. रात्री मात्र ट्यूबलाइट लावायची नाही, बोलायचे नाही, हसायचे नाही. दूध द्यावे, लंगोट बदलावा आणि कारखान्यातल्या मुकादमासारखा चेहरा कोरा ठेवावा. “रात्री इथं काय मजा नाही, हे तिला कळलं पाहिजे.” त्यांचा दुसरा नियम मला अधिक मोलाचा वाटला. मूल झोपेत कुरकुरते, हातपाय हलवते, डोळेही अर्धवट उघडते. तेवढ्यावरून त्याला उचलू नये. “कामगार कूस बदलतोय, राजीनामा नाही देत,” ते म्हणत. आणि तिसरा नियम सांगताना त्यांचा आवाज खाली येई. “मूल रात्री उठतं ना, ते निम्म्या वेळा भुकेनं नाहीच उठत. ते हजेरी घ्यायला उठतं. कोण आहे, कोण नाही, बघतं. आपण ‘हजर’ म्हणायचं. हात ठेवायचा नुसता. झोपतं परत.”

हे सगळे ज्ञान ते स्वतःपुरते ठेवीत असते तर गोष्ट वेगळी. परंतु इमारतीच्या सभेत, जिन्याच्या रंगाचा विषय चाललेला असताना, काका एकदम उठून उभे राहिले आणि म्हणाले, “चेअरमनसाहेब, सोसायटीत सध्या चार मेंबर रात्रपाळीला आहेत. त्यांचा कोणी विचार करतंय का?” चेअरमन बिचारे घाबरले. कोणते चार म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा काकांनी मजल्यांसह चार तान्ह्या मुलांची नावे सांगितली आणि आवारातल्या खांबावरचा दिवा त्या चौघांच्या डोळ्यांवर थेट येतो, सबब त्याला पत्र्याची झापड लावावी, असा ठराव मांडला. ठराव संमत झाला. गणपतीच्या दिवसांत मंडळाची मुले त्यांच्याकडे भीतभीत आली. म्हातारा मनुष्य, लाउडस्पीकरवरून कटकट करणार अशी त्यांची समजूत. काका म्हणाले, “आवाज दिवसा पाहिजे तेवढा करा रे. पण रात्री ती लुकलुकणारी माळ बंद करा. पोरांना वाटतं, दिवस उजाडला.” मुले बाहेर येऊन एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्यांचे एकच उघड वैर होते, आणि ते मनूला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशींशी. मावशी खाडीकाठच्या जुन्या गावातल्या. मिठागरावर राबलेला हात, आणि त्याच हातात मूल लोण्यासारखे मऊ पडे. मनू दोन रात्री सलग जागली, तेव्हा संध्याकाळी तिला तेल लावता-लावता मावशी म्हणाल्या, “पोरीला दीठ लागलीय गो. जरा जायफल उगालून दे, कशी झोपतंय ती बघ.” काका नेमके चार्ज घ्यायला दारात उभे. “जायफळ?” ते गरजले. “पिऊन आलेला कामगारपण झोपतोच की, मावशी! पण त्याची आम्ही हजेरी नव्हतो लावत!” मावशींनी तेलाचा हात तसाच कमरेवर ठेवला. “तुमाला काय म्हाईत हाय ओ? मोठं आलं शिकवाला! सोताचा पोर तरी कंदी मांडीव घेतलाव का?”

काका मनूच्या पाळण्याजवळ गेले, दोरी हातात घेतली, आणि बराच वेळ ती हलवायला विसरले.

त्या विसरण्याचा अर्थ मला काकूंकडून समजला. काकूंविषयी येथे सांगितलेच पाहिजे, कारण त्या नसल्यासारख्याच असत. त्या नेहमी कुजबुजत बोलत. दुपारी भाजी निवडत बसल्या असतानाही मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. दार लावीत ते कडी वर धरून. त्यांच्या कुकरची शिट्टी सबंध इमारतीत कोणी ऐकली नव्हती. शिट्टी डुलू लागली, की त्या कुकर उचलून खाली ठेवीत. मला तो घशाचा विकार वाटत असे. एके दिवशी मी विचारले, तर त्या ओशाळल्या. “सवय गं. हे दिवसा झोपायचे ना.”

कळव्याच्या एका खोलीत त्यांचा संसार गेला होता. खिडकीला जाड हिरवा पडदा, डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलेला नवरा, आणि त्याच खोलीत त्यांचा तान्हा दिलीप. मूल कुरकुरले की काकू त्याला उचलून बाहेर पळत. पायात एक चप्पल, दुसरी हातात. कधी शेजारणीकडे, कधी नळाजवळच्या ओट्यावर. उन्हात, पावसात, मूल निजेपर्यंत. आणि रात्री दिलीप मनसोक्त रडे, तेव्हा काका कारखान्यात कार्डे पंच करीत असत.

“पुढं पुढं तर दिलीपला आवाज न करता रडता यायला लागलं,” काकू कुजबुजल्या. “तोंड उघडं, चेहरा लालभडक, डोळ्यांतनं धारा, आणि आवाज नाही. ह्यांनी एकदा बघितलं ते. पाणी प्यायला उठले होते. त्यानंतर झोपेतनं दचकून उठायचे आणि म्हणायचे, पोरगं रडलं का गं? मी म्हणायची, नाही हो. झोपा तुम्ही.” त्यांनी मेथीची जुडी सोडली. “खरंच नसायचा ना रडलेला.”

दिलीप मोठा होऊन मस्कतला नोकरीला गेला, लग्न झाले, आणि मनू रांगू लागली त्या सुमारास त्याला मुलगी झाली, सोनल. त्या बातमीने काकांच्या अंगात जे वारे संचारले, त्याचे वर्णन करणे कठीण आहे. तारेचा कागद घेऊन ते प्रत्येक मजल्यावर गेले. “आमच्याकडे नवीन भरती झाली. रात्रपाळी!” मूल रात्री उठणार, उठेल तेव्हा आपण ‘हजर’ म्हणणार, एवढी एकच मनीषा त्या मनुष्याला उरली होती. रजा मिळून मुलगा घरी येईपर्यंत मात्र सबंध वर्ष जावे लागणार होते.

दरम्यान, मस्कतहून येणाऱ्या कोणा ओळखीच्याबरोबर दिलीपने रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन पाठवला आणि एक कॅसेट. ती ऐकायला आम्हाला खास बोलावणे होते. दिलीप बोलला, सून बोलली, मग सोनलचे खिदळणे, हुंकार, कोणीतरी वाजवलेला खुळखुळा. काकू पदराने डोळे टिपत होत्या. काकांनी शेवटपर्यंत ऐकले, दुसरी बाजू लावली, तीही ऐकली.

“रडणं कुठाय?”

“अहो, रडणं कशाला पाठवतील?” काकू म्हणाल्या.

“अगं, मूल आहे का रेडिओ? रडत असेलच की!” ते पुन्हा पुन्हा कॅसेट मागे-पुढे फिरवीत राहिले. एका ठिकाणी हुंकार किंचित वाकडा होतो, ओठ काढल्यासारखा वाटतो, आणि खटकन बटण बंद झाल्याचा आवाज येतो. तेवढी जागा काकांनी हेरून ठेवली. पुढे कोणीही घरी आले की ते नेमकी तीच ऐकवीत. “बघा, इथं रडणार होती. बंद केलं त्यांनी.”

उत्तराच्या कॅसेटमध्ये त्यांनी तिन्ही नियम भरले. भाषा शुद्ध असावी म्हणून मला शेजारी बसवले होते, परंतु माझी दुरुस्ती त्यांनी एकही ऐकली नाही. कारखान्याच्या फाटकावरच्या खणखणीत आवाजात त्यांनी सुनेला पडद्यांविषयी, ट्यूबलाइटविषयी आणि कोऱ्या चेहऱ्याविषयी सूचना दिल्या. सून मोठी आज्ञाधारक. काही महिन्यांनी पुढची कॅसेट आली, त्यात ती आनंदाने सांगत होती, “बाबा, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. आता सोनल रात्री एकदासुद्धा उठत नाही. इथल्या सगळ्या बायका विचारतात मला, काय केलंस म्हणून.”

काकू म्हणाल्या, “बघा, तुमचं ऐकलं तिनं.”

काका टू-इन-वनकडे पाहत होते. “एवढ्यात?” ते म्हणाले. मग स्वतःला सावरून मला म्हणाले, “छान झालं. शिस्त चांगली लागली. बाई, रात्रपाळी सुटली तिची.” त्या रात्री वरच्या सपाता फार वेळ चालल्या.

रजा घेऊन ती मंडळी आली, तेव्हा सोनलने पहिले वर्ष ओलांडले होते. काकांनी आशा सोडली नव्हती. नवी जागा, नवे आवाज, वाशीचे डास. एखाद्या रात्री तरी ती उठेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी पाळणा आपल्या खाटेशेजारी टांगला, झिरोचा बल्ब लावला, लंगोटांच्या घड्या घातल्या आणि इस्त्रीचा सदरा घालून ते ड्यूटीवर बसले. सोनल संध्याकाळी झोपे ती सकाळी हसत उठे. दुसरी रात्र तशीच, तिसरी तशीच. दिवसा नातीला खेळवायचे म्हणून दिवसाची झोपही त्यांनी सोडली. काकू मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “लेकरू गाढ आणि हे टक्क जागे. आठवडा झाला. मी म्हटलं, जरा पाळण्याला धक्का द्या, उठेल. तर माझ्यावरच खेकसले. म्हणे, झोपलेल्या माणसाला उठवायचं नसतं, नियम आहे.”

शनिवारी माझी शाळा सकाळची असे. घरी येऊन, मनूला आखूड झालेले दोन फ्रॉक सोनलला होतील म्हणून मी वर गेले. दिलीप आणि सून खरेदीला मुंबईला गेले होते. दार नुसते लोटलेले होते. आत कळव्याचा तो जुना हिरवा पडदा ओढलेला, आणि खाटेवर काका, डोळ्यांवर टॉवेल घेऊन, अनेक दिवसांच्या जागरणानंतर मेल्यासारखे झोपलेले. मी परत फिरणार, इतक्यात पाळण्यातून आवाज आला. सोनलला दाढ येत होती, असे नंतर कळले. प्रथम कुरकुर, मग वाकडा हुंकार, आणि मग छताला जाऊन भिडेल असे खणखणीत रडणे.

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी उभी आहे हेही त्यांना दिसले नसावे. त्यांनी मुलीला उचलले, तिचे तोंड आपल्या खांद्यात दाबले, एका पायात चप्पल सरकवली, दुसरी हातात घेतली आणि दारात मला पाहून कुजबुजल्या, “चल, चल, तुझ्याकडे बसू. हे झोपलेत.”

उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून त्या थांबल्या. हातातल्या चपलेकडे त्यांनी पाहिले, मग मागे वळून हिरव्या पडद्याकडे. सोनल त्यांच्या खांद्यात गुदमरत रडत होती. काकूंनी चप्पल खाली टाकली. चांगला आवाज झाला तिचा. त्या आत गेल्या, एका हाताने पडदा सर्रकन ओढला, आणि जो आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता त्या आवाजात ओरडल्या,

“अहो, उठा! उठा आधी! रडतेय ती!”

काका धडपडून उठले. टॉवेल खाली पडला. पायांनी सपाता शोधू लागले. “भोंगा झाला? झाला भोंगा?”

“भोंगाच झालाय. घ्या!” आणि काकूंनी ते लालबुंद, ताठलेले, किंचाळणारे मूल त्यांच्या हातांत ठेवले.

इमारतीतल्या चारही मुलांना ज्यांनी निजवले होते ते काका आता तिला थोपटतील, कोरा चेहरा करतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी यातले काहीच केले नाही. मुलीला उभी छातीशी धरून, तिचे उघडे तोंड आपल्या कानाशी येईल असे धरून, ते खोलीच्या मधोमध नुसते उभे राहिले. सोनल रडत होती आणि ते ऐकत होते.

“अहो, थोपटा ना तिला,” काकू म्हणाल्या. आवाज अजून मोठाच होता.

“थोपटतो. थांब जरा.” त्यांचे डोळे मिटलेले होते. “दिलीपचा आवाज असाच होता का गं?”

“असाच,” काकू म्हणाल्या. “ह्याच्यापेक्षा मोठा होता.”

मी फ्रॉक खुर्चीवर ठेवले आणि दार ओढून घेऊन खाली आले. जिन्यात उतरेपर्यंत ते रडणे ऐकू येत होते. मग सपातांचा आवाज सुरू झाला, आणि दोन-चार फेऱ्यांत रडणे थांबले.

रजा संपून मुलगा-सून परत गेली. सोनलला वाशीतले काही आठवण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र तिसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या, आणि काकू गॅलरीतून भाजीवाल्याशी इतक्या मोठ्याने घासाघीस करू लागल्या, की चेअरमन एकदा मला म्हणाले, “ह्यांना काय झालं हो अचानक?” काकांचे चार्ज घेणे पुढेही चालू राहिले, इमारतीत नवी भरती होतच होती. मनू मात्र केव्हाच दिवसपाळीत गेली होती. एका संध्याकाळी ते सवयीने दारात आले आणि ती वही-पेन्सिल घेऊन बसलेली पाहून म्हणाले, “हिचं काय आता आपल्याकडे काम नाही.” आणि बॅटरी उगाचच एकदा लावून-विझवून वर निघून गेले.

आता काकाही नाहीत आणि काकूंना दिलीप आपल्याजवळ घेऊन गेला आहे. तिसऱ्या मजल्यावर सकाळी लवकर ऑफिसला जाणारे एक कुटुंब राहते. रात्र पडली की वर सामसूम होते. मनू रात्रभर गाढ झोपते. मीच कधीतरी उठते. कारण काही नसते. ना तहान, ना स्वप्न. अंधारात डोळे उघडतात आणि कान आपोआप छताकडे जातात, दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत. वरून कोणी ‘हजर’ म्हणत नाही. तरीही मी कूस न बदलता थोडा वेळ तशीच ऐकत पडते, आणि मग केव्हातरी झोप लागते.